पहिलं बाहेर आलंय, दुसरं अजून पोटात... तेव्हा नेमकं काय वाटतं?

मोरपीस
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मला २९ वा आठवडा चालू आहे. जुळी आहेत. दोघांची पाणमोट वेगळी, वारही वेगळी. पहिल्याचं डोकं खाली आहे आणि दुसरं आडवं पसरलंय. डॉक्टर म्हणाल्या, पहिल्याचं डोकं असंच खाली राहिलं तर नॉर्मलचा प्रयत्न करता येईल, सिझर हवं असेल तर तेही करू, घाई नाही, विचार करा.

तर विचार करतेय. वाचून वाचून धोके, टक्केवारी, आठवडे, वजनं सगळं पाठ झालंय. वाटतं कसं, एवढंच कुठे सापडत नाही. आई म्हणते, 'अगं होऊन जातं.' तिला मी एकटीच झाले, तिला काय माहीत! प्रश्न वेडगळ वाटेल, पण विचारतेच. एक बाळ बाहेर येऊन रडतंय आणि दुसरं अजून पोटात आहे, त्या मधल्या वेळात बाई कोण असते? बाळंतीण की गरोदर? पुन्हा पहिल्यापासून कळा द्यायच्या, की दुसरं आपसूक येतं? दुप्पट दुखतं का?

सल्ले नकोत, ते पोत्याने मिळालेत. तुमचं काय झालं ते सांगा. घाबरवलंत तरी चालेल, खोटा धीर नको.

तिरकस
दुप्पट कसलं, ठोक मालावर थोडीफार सूट मिळत असेल की. (दिवा घ्या, गंमत केली.)

निवांत_कधीच_नाही
तिरकस, तुम्ही आधी एक मुतखडा पाडून या, मग सुटीचं बोलू.

मोरपीस, माझी दोन्ही नॉर्मल झाली, ३७ व्या आठवड्यात. मुलगी आणि मुलगा. तुझ्यासारखंच, वेगळी पाणमोट, वेगळी वार. आता सात वर्षांचे आहेत, म्हणून हे लिहायला वेळ मिळतोय.

पहिला धक्का कळांचा नव्हता, गर्दीचा होता. लेबर रूममध्ये एकीच्या बाळंतपणाला माणसं असतात त्याच्या दुप्पट. बालरोगतज्ज्ञ दोन, सिस्टर दोन-तीन, भूलतज्ज्ञ, माझ्या डॉक्टर, त्यांच्या हाताखालच्या डॉक्टर. पोटावर ठोक्यांचे दोन पट्टे. त्यातला एक सारखा घसरायचा आणि मग दोन्ही यंत्रं एकाच बाळाचे ठोके मोजत बसायची. सगळे गंभीर चेहऱ्याने माझ्या पोटावर जेली लावून हरवलेलं पोरगं शोधतायत, आणि मी कळांच्या मधे हसतेय.

पहिलीच्या वेळी जे दुखलं ते कुठल्याही बाळंतपणात दुखतं तेच. एपिड्युरल, म्हणजे पाठीतून देतात ती दुखणं कमी करणारी भूल, होतं, त्यामुळे धार बोथट, पण खाली जो दाब येतो तो कळतोच. चाळीसेक मिनिटं जोर लावला. ती आली, छातीवर ठेवली. गरम, ओली, चिडलेली. आणि मला वाटलं, झालं!

झालं कुठलं. माझ्या डॉक्टरांच्या हाताखालच्या बाईंनी तेवढ्यात दोन्ही हात माझ्या पोटावर दाबून धरले होते, दुसऱ्याने आडवं वळू नये म्हणून. पोट अचानक सैल पडलेलं, अर्धी हवा गेलेल्या फुग्यासारखं. आणि त्यात हे साहेब! नऊ महिने अंग चोरून बसलेले. जागा मिळाल्याबरोबर असे पाय ताणले की बाहेरून सगळ्यांना दिसलं. कानात मुलीचं रडणं आणि बरगडीखाली मुलाची लाथ, दोन्ही एकाच क्षणाला. तुझ्या 'बाई कोण असते'चं माझं उत्तर तेच. दोन्ही असते, आणि दोन्हीकडे धड लक्ष नसतं.

मग कळा थांबल्या. एकदम. सात-आठ मिनिटं काहीच नाही. मला तर झोप येऊ लागली. आपण म्हणतो ना, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं? इथे हत्ती गेला आणि मागे दुसरा हत्ती तसाच उभा. सलाइनमधून कळांचं औषध वाढवलं, दुसऱ्याची पाणमोट फोडली, आणि तो डोकं खाली घालायच्या ऐवजी पाय पुढे करून बसला. डॉक्टरांनी आत हात घालून पाय धरले आणि पायाळूच काढला. दुखलं म्हणण्यापेक्षा कुणीतरी मला आतून उलटं करतंय असं वाटलं. पण ते सगळं दोन-तीन मिनिटांत. वाट आधीच मोकळी झालेली असते, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न नसतं. दोघांत अठरा मिनिटांचं अंतर.

तेव्हा दुप्पट नाही गं. दीडपट म्हणू आपण.

मोरपीस
बरगडीखालची लाथ वाचून पोटावर हात गेला माझा. थँक यू. हेच हवं होतं.

तिरकस
मुतखडा एकदा पाडून झालाय. सूट मागे घेतो.

रेघोट्या
माझं ठरवून केलेलं सिझर. पहिलं पायाळू होतं, त्यामुळे चर्चेला जागाच नव्हती.

वाटण्याचं विचारलंयस म्हणून सांगते. पाठीत इंजेक्शन दिल्यावर पायांत आधी ऊब येते, मग पाय आपले राहतच नाहीत. दुखत काहीच नाही, पण कळत सगळं असतं. गच्च भरलेल्या पेटीच्या तळाशी ठेवलेलं काहीतरी, वरच्या घड्या न मोडता ओढून काढावं, तसं पोटात चाललेलं असतं. ओढाओढ, खेचाखेच. मग एकदम छातीवरचं ओझं उतरलं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दोन महिने मी अर्धाच श्वास घेत होते, उशा लावून बसल्या बसल्या झोपत होते, आणि दुसरं बाळ निघाल्याबरोबर पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. मी रडले ते बाळांना बघून असं सगळ्यांना वाटलं. मी रडले त्या श्वासाने.

मधला वेळ म्हणशील तर एक मिनिट. मधे काही वाटायला वेळच नव्हता. 'मुलगा'. मग कुणीतरी म्हणालं, 'हाही मुलगा'. नंतर तासभर दात वाजत होते, अंग थरथरत होतं. थंडी नव्हती, भुलीने होतं तसं. आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही, म्हणून लिहिलं.

आणि हो, 'तू बरी सुटलीस, कळा नाहीत काही नाहीत' म्हणणाऱ्यांना माझ्यातर्फे पाचव्या दिवशी टाक्यांवर हात धरून शिंकायला सांगा.

पावसाळी
मला वाटतं होता होईल तो नॉर्मलच व्हावं. माझ्या जावेची जुळी नॉर्मल झाली, आठव्या दिवशी घरभर फिरत होती. हल्ली जुळी म्हटलं की डॉक्टर लगेच कापतातच. शरीराला आपोआप कळतं की.

भूलदेव
पेशाने भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे गर्दीतला तो एक माणूस मी.

पावसाळी, जावेचं चांगलं झालं याचा आनंद आहे. पण यावर मोठा अभ्यास झालेला आहे. २५ देशांतल्या सुमारे २८०० बायका, ३२ ते ३८ पूर्ण आठवड्यांच्या, सगळ्यांच्या पहिल्या बाळाचं डोकं खाली. चिठ्ठी टाकल्यासारखं करून निम्म्यांना ठरवून सिझर, निम्म्यांना नॉर्मलची तयारी. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. बाळांच्या तब्येतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणजे सिझरवाल्याही बरोबर आणि तुमची जाऊबाईही बरोबर. मात्र नॉर्मल ठरवलेल्यांपैकी १०० त ४४ जणींचं शेवटी सिझरच झालं, त्यांतल्या साधारण ४ जणींचं पहिलं नॉर्मल, दुसरं सिझर. शरीराला कळतं, पण पोटातल्या दुसऱ्या शहाण्याला कळेलच असं नाही.

मोरपीस, सल्ला नको म्हणालात, तरी माझ्या खात्यातला एक देतो. नॉर्मल ठरवलंत तर एपिड्युरलबद्दल आधीच बोलून ठेवा. दुखणं हे त्याचं अर्धं कारण. दुसऱ्यासाठी आत हात घालावा लागला किंवा घाईने थिएटरमध्ये न्यावं लागलं, तर भुलीची वाट आधीच तयार असते, हे उरलेलं अर्धं.

पावसाळी
आकडे मान्य. 'लगेच कापतात' हे मात्र मी अनुभवावरून बोलले होते. असो.

काजवा
भूलदेव म्हणाले त्या चारांतली मी.

पहिली मुलगी नॉर्मल. व्यवस्थित. मी तिला हातात घेतलं, तिची बोटं मोजली. मग दुसऱ्याची पाणमोट फुटली आणि त्याच्या आधी त्याची नाळ खाली आली. डोकं वर होतं, खाली मोकळी जागा, तिथून ती घसरली. नाळ दाबली गेली की बाळाचा पुरवठा बंद. मला हे नंतर कळलं. तेव्हा फक्त इतकं कळलं की सगळ्यांचे आवाज बदलले. एक सिस्टर माझ्याबरोबर स्ट्रेचरवरच चढली, तिचा हात आत, बाळाचं डोकं वर ढकलून धरलेलं, आणि तशीच वरात थिएटरकडे. मी एपिड्युरल घेतलं नव्हतं. पूर्ण भूल दिली. तोंडावर मास्क आला तेव्हा मी सांगत होते, 'पहिलीला कुणीतरी धरा.'

उठले तेव्हा पोटावर टाके, खाली टाके, घसा सुजलेला. नवरा म्हणाला, दोघंही छान आहेत.

मुलगा उत्तम आहे. चार वर्षांचा आहे, दांडगट आहे. जखमा भरल्या. पण मोरपीस, तू 'मधल्या वेळात काय वाटतं' विचारलंस आणि माझ्या लक्षात आलं की माझा मधला वेळ संपलेलाच नाही. एक बाळंतपण मला मिनिटामिनिटाने आठवतं. दुसऱ्याच्या वेळी मी तिथे नव्हतेच. माझंच बाळ, माझ्याच पोटातून निघालं, आणि खोलीतल्या प्रत्येकाने त्याला माझ्या आधी पाहिलं. मुलगी 'मी कशी आले?' विचारते तेव्हा अर्धा तास गोष्ट चालते. मुलाने विचारलं की मी म्हणते, 'तू पण आलास.' त्याला अजून कळत नाही. कळेल.

घाबरवलं असेन तर माफ कर. असं क्वचित होतं, आणि झालं तरी दोघं सुखरूप आहेत, हे शेवटी मुद्दाम लिहितेय.

मोरपीस
काजवाताई, नाही घाबरले. म्हणजे घाबरले, पण वाचून बरं वाटलं, हे कसं सांगू कळत नाही.

सुईणबाई
लेबर रूममध्ये बावीस वर्षं झाली, सिस्टर आहे. सुईणबाई हे घरच्यांनी चिडवायला ठेवलेलं नाव.

काजवा, एक विचारते, राग मानू नका. तुमचे केसपेपर तुम्ही कधी वाचलेत का? घाईच्या सिझरमध्ये सगळं मिनिटाच्या हिशोबाने लिहिलेलं असतं. थिएटरमध्ये कधी आणलं, बाळ कधी निघालं, रडलं का, कुणाच्या हातात दिलं. नक्कल मागता येते. कित्येक जणी वर्षांनी येऊन मागतात. आम्हाला नवल वाटत नाही.

मोरपीस, मी पाहिलेलं सांगते. बहुतेक जणी नंतर म्हणतात, 'दुसरं कधी आलं कळलंच नाही.' पहिल्याच्या वेळी ओरडणाऱ्या दुसऱ्याच्या वेळी गप्प असतात, कारण नजर पहिल्यावर असते. दुसरं आडवं असलं तर डॉक्टर पोटावरून दाबून वळवतात, ते मात्र चांगलंच कळतं. वार दोन्ही बाळांनंतर पडतात, एखादीच आधी येते. आणि नाळेला चिमटे लावतो त्याची आमची खूण असते, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. घरी गेल्यावर 'याला दोन का, याला त्रास होता का' असे फोन येतात म्हणून सांगून ठेवते.

नंतरच्या कळा पण असतात हं. पिशवी जास्त ताणलेली, तर आखडताना जास्त दुखतं, आणि पाजायला घेतलं की हमखास. दोघांना एकदम पाजलं तर जीव कळवळतो. तीन-चार दिवस. त्याबद्दल कुणी बोलत नाही आणि मग बायांना वाटतं टाका तुटला.

धाकटा_पाच_मिनिटांनी
मी स्वतः जुळ्यातला दुसरा. धागा आमच्या बाजूनेही बघा. सगळे पहिल्याच्या कौतुकात आणि आम्ही आत अंधारात, 'मी पण आहे' सांगायला लाथा मारतोय. त्या पाच मिनिटांच्या जोरावर मोठा भाऊ पस्तीस वर्षं मला 'लहान आहेस, गप्प बस' म्हणतोय.

तिरकस
अवांतर: उशिरा येणारा आधी राहिलेला असतो, म्हणून तोच खरा मोठा, असं ऐकलंय. डबा भरताना आधी ठेवलेलं तळाशी जातं, त्या न्यायाने. भावाला सांगा.

भूलदेव
डबा नाही हो तो. एका बीजाची असली तर दोघं एकच दिवस राहिलेली. दोन बीजांची असली तरी एकाच पाळीतली. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाजवळच्याला पहिला म्हणतात, इतकंच. सिझरमध्ये तर हाताला जे आधी लागेल ते आधी. नऊ महिने दुसरा म्हणून मोजलेला थिएटरमध्ये पहिला झालेला पाहिलाय मी.

धाकटा_पाच_मिनिटांनी
मी सिझरचाच. म्हणजे हाताला लागण्याचा प्रश्न होता! आज संध्याकाळी भावाला फोन.

बापमाणूस
बापाने लिहिलेलं चालेल ना?

मला सांगितलं होतं, बायकोच्या डोक्याशी उभे राहा, पलीकडे बघू नका. नॉर्मल झाली दोन्ही. आधी एक, वीस मिनिटांनी दुसरी. दोघी रडल्या, मी रडलो, सगळं गोड. मग दुसरीला श्वास घ्यायला जरा त्रास वाटतोय म्हणून तिला आत नेलं. पहिली कपड्यात गुंडाळून माझ्या हातात. आणि बायको म्हणाली, 'मला खाली काहीतरी गरम वाहतंय.' इतक्या शांतपणे म्हणाली. पुढच्या दोन मिनिटांत तिच्याभोवती सात माणसं. कुणी पोट जोरजोरात चोळतंय, कुणी दुसऱ्या हातात सलाइन लावतंय, कुणी इंजेक्शन भरतंय. मला दाराबाहेर केलं. एक मुलगी हातात, एक कुठल्याशा काचपेटीत, बायको दाराआड. मी कुठल्या दाराकडे तोंड करून उभं राहायचं?

दोन पिशव्या रक्त द्यावं लागलं. तासाभरात आवरलं. तिला विचारलं की तुला काय वाटत होतं, तर म्हणते, 'थंडी वाजत होती आणि तू टोपी नीट घातली नव्हतीस तिला.' एवढंच आठवतं तिला. बाकी सगळं माझ्या वाट्याला आलंय.

भूलदेव
गर्भाशय दोघांमुळे जास्त ताणलेलं असतं, त्यामुळे नंतर आखडायला आळस करतं. रबर खूप ताणून सोडल्यावर होतं तसं. ते आखडलं नाही तर रक्त थांबत नाही. म्हणून जुळ्यांत रक्तस्रावाची भीती जास्त, आणि म्हणूनच ती सात माणसं दोन मिनिटांत आली. ती आधीपासून दाराशीच उभी असतात. मोरपीस, हिमोग्लोबिन आत्ताच बघून घ्या, आणि रक्ताची सोय आधीपासून आहे ना ते विचारा.

दोनअधिकएक
तिळी. हात वर.

३३ व्या आठवड्यात सिझर. बाळंतपणाचं विचाराल तर खरं सांगते, तो दिवस मला सोपा गेला. आधीचे सहा आठवडे आठवले की अजून अंगावर काटा येतो. सातव्या महिन्यातच पोट नऊ महिन्यांच्या पुढे गेलेलं. कूस बदलायची म्हणजे आधी नवऱ्याला उठवायचं. पोटाची कातडी चमकायची आणि खाजून खाजून आग व्हायची. तिघांतला कोण कुठे आहे ते मला झोपेतही कळायचं, डावीकडचा उचक्या द्यायचा, वरची रात्री जागायची. फुप्फुसं पिकावीत म्हणून कंबरेत इंजेक्शनं, १२-१२ तासांनी ४. ती दुखतात, सिझरपेक्षा तीच लक्षात आहेत.

थिएटरमध्ये तीन काचपेट्या, प्रत्येकीपाशी एक टोळी. एक निघालं की एक टोळी पळाली. दुसरं, दुसरी पळाली. तिसरं, तिसरी पळाली. आणि खोली रिकामी. मी, भूल देणारे डॉक्टर आणि टाके घालणाऱ्या बाई. लग्नाचं वऱ्हाड निघून गेल्यावर मांडव दिसतो तशी खोली. तीन मुलांची आई झाले होते आणि एकाचाही चेहरा नीट पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी व्हीलचेअरवरून नेलं तेव्हा आधी मी नावाच्या पट्ट्या वाचल्या. ओळख नव्हतीच ना.

मग छातीशी धरायला दिलं. उघड्या छातीवर उघडं बाळ, वरून कपडा. कांगारूसारखं. बोगोटात डॉक्टरांनी १९७८ मध्ये हे सुरू केलं म्हणे, काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून. मी तिघांना पाळीपाळीने. एक ठेवलं की दुसऱ्याची पाळी चुकवतोय असं वाटायचं. बाळंतपण झालं ते मला तिथे वाटलं, थिएटरमध्ये नाही.

तिरकस
तीन ऐकूनच घाम फुटला. मालीच्या त्या बाईंना ४ मे २०२१ ला कासाब्लांकात एकदम नऊ झाली. पाच मुली, चार मुलगे, नऊही जगली. त्यांच्या थिएटरात टोळ्या किती असतील?

दोनअधिकएक
सिझरला उभं राहायलाच जागा उरली नसेल.

नाव_नको_आज
नेहमीच्या आयडीने लिहीत नाहीये.

माझ्या दोघींची वार एकच होती. एका वारेवर दोन बाळं असली की कधी कधी एकीचं रक्त दुसरीकडे जास्त जातं. २० व्या आठवड्यात कळलं, लेझरने मधल्या रक्तवाहिन्या बंद केल्या, तरी एक गेली. दुसरीला वाढू द्यायचं म्हणून दोघी तशाच राहिल्या पोटात, ३४ व्या आठवड्यापर्यंत. बाळंतपण दोघींचं झालं. एकीच्या वेळी खोलीत आवाज झाला, एकीच्या वेळी नाही. सिस्टरने विचारलं, बघायचंय का. मी हो म्हणाले. त्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

लोक म्हणतात, 'निदान एक तरी आहे.' बरोबर आहे त्यांचं. पण मी बाळंत दोनदा झाले.

मोरपीस, तुझ्या बाळांच्या वारा वेगळ्या आहेत, हे तुझ्याबाबतीत होणारं नाही. म्हणूनच लिहायचं धाडस केलं.

निवांत_कधीच_नाही
वाचलं. शब्द नाहीत. इथे आहोत.

सुईणबाई
तुमच्या सिस्टरने विचारलं ते फार बरं केलं.

अर्धविराम
मी एक लिहू का, जे कुणी लिहिलं नाही? मला काहीही वाटलं नाही. दोन्ही नॉर्मल, दोन्ही ठणठणीत, छातीवर एक उजवीकडे एक डावीकडे, आणि माझ्या मनात फक्त 'आता मला झोपू द्या'. फोटोत मी हसतेय, ते सांगितलं म्हणून. थोरलीबद्दल माया आठवड्याभरात आली. धाकटीबद्दल तीन महिन्यांनी. ती सारखी रडायची आणि मला वाटायचं, ही कुणाची आहे? रोज रात्री रडायचे. जुळ्यांच्या आयांत हे जास्त आढळतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. औषध घेतलं, सुटले. आज धाकटीच जास्त चिकटलेली आहे मला. तर, काही वाटलं नाही तर घाबरू नकोस, आणि लपवूही नकोस.

पावसाळी
अर्धविराम, +१००. माझं एकच मूल, पण अगदी हेच झालं होतं. आजवर कुणाला बोलले नव्हते. मघाशी वाद घातला त्याबद्दल सॉरी सगळ्यांना.

(सव्वादोन महिन्यांनी)

मोरपीस
धागा वर काढतेय. आले मी. एका हाताने टाइप करतेय, शुद्धलेखन माफ.

३६ आठवडे ५ दिवस. रात्री आपोआप पाणमोट फुटली. मुलगी २ किलो ४००, मुलगा २ किलो ६००. दोन्ही नॉर्मल. एपिड्युरल घेतलं, भूलदेव, तुमचं ऐकलं. टाके आहेत. मुलगा दोन दिवस काचपेटीत होता, कावीळ.

तर मधला वेळ. अकरा मिनिटं. मुलगी आली, तिला छातीवर ठेवलं आणि मी वेड्यासारखी म्हणाले, 'थांबा, थांबा.' कुणाला म्हणाले माहीत नाही. सगळे पोटाकडे वळले होते. तो आडवाच होता. डॉक्टरांनी पोटावरून दोन्ही हातांनी वळवायला घेतलं. एका हाताने डोकं खाली, एका हाताने बूड वर, कणीक मळल्यासारखं. एपिड्युरल असूनही कळलं. दुखणं नाही, पण आपल्या आतलं घर कुणीतरी सरकवतंय असं. मी मुलीच्या पाठीवर हात ठेवला होता आणि डॉक्टरांचा हात मुलाच्या पाठीवर होता, माझ्या कातडीच्या पलीकडून. तेव्हा वाटलं की ही दोघं पहिल्यांदाच एकमेकांपासून लांब आहेत. तिला तो दिसत नव्हता, आणि त्याला आता ती लागत नव्हती. मला कसंतरीच झालं. घाई झाली. लवकर आण याला तिच्याजवळ, असं. पहिलीच्या वेळी भीती होती, दुसऱ्याच्या वेळी नुसती घाई. निवांत म्हणाली तसं दोन्हीकडे धड लक्ष नसतं, हे खरंय, पण माझं लक्ष त्यांच्यामधल्या वीतभर अंतरावर होतं.

दुप्पट? नाही. नंतरच्या कळांचं सुईणबाईंनी सांगितलं नसतं तर मी टाका तुटला म्हणून बोंब ठोकली असती.

आणि काजवाताई, तुमचं वाचल्यापासून नवऱ्याला काम लावून दिलं होतं. मला पूर्ण भूल दिली तर त्याला आत येऊ देणार नाहीत, तेव्हा दाराशी थांबून घड्याळ बघायचं आणि पहिल्यांदा ज्याने बाळाला धरलं त्याला गाठून सगळं विचारून ठेवायचं. गरज पडली नाही. पण त्याने तरी लिहिलंच. 'दुसरा. ५:५२. आधी शिंकला, मग रडला.'

निवांत_कधीच_नाही
अभिनंदन गं! दोन्हीकडून दृष्ट काढ.

दोनअधिकएक
अभिनंदन. झोप ही अफवा आहे असं समज, त्रास कमी होतो.

काजवा
मोरपीस, खूप खूप अभिनंदन.

मी केसपेपर मागवले. सुईणबाईंनी लिहिल्यावर दीड महिना धीर झाला नाही. मग अर्ज केला, आठ दिवसांनी नक्कल मिळाली. तीन पानं आहेत. अक्षर भयंकर. 'नाळ पुढे' लिहिल्यापासून बाळ निघेपर्यंत चौदा मिनिटं. आणि पुढे लिहिलंय, बाळ लगेच रडलं.

लगेच. मी चार वर्षं धरून चालले होते की तो निपचित असणार, कुणीतरी त्याला पाठीवर थापट्या मारल्या असणार. काल रात्री त्याला सांगितलं, तू आलास आणि लगेच रडलास. त्याने विचारलं, 'मोठ्याने?' म्हटलं, तेवढं लिहिलेलं नाही. तर त्याने करून दाखवलं, ताई उठेपर्यंत.

सुईणबाई
मोठ्यानेच असणार. 'लगेच' आम्ही उगाच लिहीत नाही.

धाकटा_पाच_मिनिटांनी
दुसऱ्यांचा विजय असो. मोरपीस, मुलाला सांगा, वजनात तो मोठा आहे, हे लेखी जपून ठेव.

नवखी_आई
सगळा धागा एका बैठकीत वाचला. मला १७ वा आठवडा, जुळीच. थोडं अवांतर विचारते, बाबागाडी शेजारी-शेजारी बसणारी घ्यावी की मागे-पुढे? की नवा धागा काढू?

तिरकस
नवा काढा. त्याआधी घराच्या दाराची रुंदी मोजा.